उजव्या चाकाची चौकशी

हेमंत,

शर्यतीची गाडी अजून शेडमध्ये जॅकच्या स्टँडवरच आहे. पुढची उजवी बाजू तू ठेवून गेलास तशीच उघडी. तुझं तेरावं झालं, वंदना इंदिरापुरमच्या तुझ्या फ्लॅटमधलं सामान आवरायला लागली, आणि मी नोएडातल्या आपल्या शेडवर गेलो. घरी सांगितलं, कुलूप नीट लागलंय का ते बघून येतो. कुलूप बघायला अख्खी दुपार लागत नाही हे तुझ्या ताईला कळतं.

प्रार्थनासभेत लोक तुझ्याबद्दल बरंच चांगलं बोलले. मला दोनदा खुणावलं, मी उठलो नाही. मला नेमकं बोलता येतं. तिथे नेमकं कुणाला नको होतं. म्हणून हे लिहितो आहे. यात तुला माहीत असलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण क्रमाने मांडल्याशिवाय मला विचार करता येत नाही. तू यावर चिडायचास. आता चिडणार नाहीस, म्हणून सावकाश मांडतो.

ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर हौशी लोकांची शर्यत होती. आपली गाडी म्हणजे एक जुनी छोटी हॅचबॅक. मागची सीट काढलेली, आत पाइपांचा पिंजरा, पुढे तू. मी कडेला पिटमध्ये हत्यारांपाशी, वंदना थर्मास घेऊन वर प्रेक्षकांत. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी तू ब्रेक दाबलास आणि पुढचं उजवं चाक मागे दुमडलं. गाडी उजवीकडे ओढली गेली, खडीत शिरली, आणि टायरांच्या भिंतीवर जाऊन बसली. वेग तोवर बराच उतरला होता. रेडिएटर फुटला, फेंडर गेला, चाकाला जाणारा शाफ्ट बाहेर आला. पिंजऱ्याला काही झालं नाही. तुला खरचटलंसुद्धा नाही.

पण तू लगेच उतरला नाहीस. ट्रॅकचा मार्शल पळत गेला, तू हात वर करून दाखवलास, आणि बसून राहिलास. वरून वंदनाचा फोन आला, "तो उतरत का नाही?" मी म्हटलं, उतरेल. उतरलास. चालत पिटमध्ये आलास, हेल्मेट काढलंस आणि म्हणालास, "भावोजी, गाडी तुटली यार. मी बिल्कुल ठीक आहे."

"मग उतरला का नाहीस?"

"बेल्ट उघडत नव्हता."

मी नंतर बेल्ट तपासला. एका बोटाने उघडत होता. तसं सांगितल्यावर म्हणालास, "अच्छा? मग रागात बसलो असेन."

शेजारच्या पिटमधला बत्रा येऊन गेला. "ओए मराठे, गाड़ी में ब्रेक भी होते हैं!" तू त्याला तुझ्या पद्धतीचं उत्तर दिलंस, ते इथे लिहीत नाही. ट्रॅकवर सगळ्यांचं मत हेच होतं, की तू ब्रेक उशिरा दाबलास, मग घाबरून स्टिअरिंग ओढलंस. तुझं मत, आधी भाग तुटला. माझं मत, उघडून बघू. म्हणजे दोन शक्यता होत्या. तिसरी कुणाच्या डोक्यातच आली नाही.

तिसरी आली ती हॉस्पिटलमध्ये, दोन आठवड्यांच्या आत. सकाळी ऑफिसला निघताना तू सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोसळलास. आम्ही पोचलो तेव्हा तू होतास, पण बोलत नव्हतास. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करून सांगितलं, एक भाग नीट हलत नाहीये. हे आत्ताचं की काही दिवस आधीचं, ते सांगता येत नाही. ते जे म्हणाले ते मी शब्दशः ऐकलं. वंदनाने त्यातलं 'आधीचं' एवढंच ऐकलं.

तू गेल्यावर तिने मला एकदाच विचारलं, स्वयंपाकघरात, माझ्याकडे न बघता.

"त्या दिवशी गाडीत त्याला काही झालं होतं का? म्हणजे चाक नंतर तुटलं, आधी तो... असं?"

"माहीत नाही."

"तसं असेल तर तो आपल्या हातात होता. त्या रात्री मी त्याला पराठे वाढले आणि गाडी चालवत एकट्याला घरी जाऊ दिलं. तुम्ही दोघं चाकाकडे बघत बसलात."

म्हणून मी शेडवर गेलो. तुझ्या आठवणीत बसायला गेलो असं कुणी म्हणेल. तसं नाही. आधी काय झालं ते मला बघायचं होतं, आणि ते सांगू शकणारी वस्तू तेवढी एकच उरली होती.

आपली ओळखही अशीच एका उघडलेल्या यंत्रावरून झाली. मी साताऱ्याहून नोकरीला आलेलो, फरीदाबादच्या कारखान्यात तपासणी विभागात. वंदनाला बघायला पहाडगंजच्या तुमच्या घरी आलो तो मित्राची स्कूटर मागून घेऊन. वर मी पोहे खात होतो आणि माझ्या पगाराबद्दल, शिक्षणाबद्दल प्रश्न चालले होते. तू कॉलेजात होतास. खाली ती स्कूटर उघडून मध्येच वर आलास, हात काळे, आणि सगळ्यांसमोर मला विचारलंस, "तुम्ही प्लग शेवटचा कधी बदललात?" तुझी आई लाजेने लाल झाली. मी म्हटलं, स्कूटर माझी नाही. तू म्हणालास, "तरीपण." मला ते 'तरीपण' आवडलं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. वंदनाला होकार देण्यात त्या शब्दाचा थोडा वाटा होता, हे तिलाही सांगितलेलं नाही. आता ती वाचेल.

गाडी घेतली ती पुष्कळ नंतर. तुझं लग्न झालं नाही, आमचं घर मार्गी लागलं, आणि शनिवार तुझा-माझा झाला. शेडमध्ये माझे नियम चालायचे, ट्रॅकवर तुझे. माझा पहिला नियम, नट तू आवळायचा, मी मोजून तपासायचा, आणि तपासल्यावर नटावरून बोल्टवर पिवळी रेघ मी मारायची. ज्याने आवळलं त्याने रेघ मारायची नाही. दुसरा नियम, मळका भाग माझ्या हातात द्यायचा नाही. चिखलाखाली चीर दिसत नाही. तू घासूनपुसून, वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ठेवायचास, ऑपरेशनच्या टेबलासारखं. तुझं बाकी आयुष्य असं मांडलेलं नव्हतं. फ्लॅटमध्ये मोजे फ्रीजवर सापडले, वंदना सांगत होती.

या दुसऱ्या नियमाने आपला घात केला.

अपघातानंतर त्या आठवड्यात मला कारखान्यातून निघता आलं नाही. शनिवारी आलो तेव्हा सगळे तुटके भाग ओळीने मांडलेले. त्यात उजव्या चाकाचा खालचा आर्म, चाकाला खालून धरून ठेवणारा तो पोलादी हात, दोन तुकड्यांत. दोन्ही तुकडे रॉकेलने धुतलेले, तारेच्या ब्रशने घासलेले. तुटल्याच्या जागासुद्धा लखलखीत.

"हे तू काय केलंस?"

"काय केलं? साफ केलं."

"तुटलेली जागा घासलीस?"

"भावोजी, हद्द आहे! इतकी वर्षं ऐकतोय, मळका भाग हातात देऊ नकोस, मळका भाग हातात देऊ नकोस."

"चीर जुनी असेल तर आत गंज असतो, हेमंत. ताजी असेल तर नसतो. त्यावरूनच कळतं आधी काय झालं. तू पुरावा घासून टाकलास."

"तुम्हाला पुरावा कशाला हवा? मी सांगतोय ना, गाडी तुटली. मी आत बसलो होतो. तुम्ही नव्हतात."

"तू सांगतोस ते मत आहे."

"आणि गंज सांगतो ते?"

"ते मोजता येतं."

तू पाना खाली ठेवलास आणि म्हणालास, "मला मोजून बघा मग कधीतरी." मग आपण दोघं चहा प्यायलो. नवीन उजवा आर्म तू मागवलाच होतास. मी म्हटलं, डावाही काढू, दोन्ही एकाच वेळी बसवलेले आहेत. तू म्हणालास, डाव्याला काय झालंय? उगाच कशाला उघडायचा, पुढची शर्यत जवळ आली आहे. मी म्हटलं, कारण कळल्याशिवाय मी रेघ मारणार नाही. तू म्हणालास, "पुढच्या शनिवारी बघू." तो वाद तिथेच राहिला. पुढच्या शनिवारी आम्ही तुझ्यासाठी हॉस्पिटलच्या कागदांवर सह्या करत होतो.

तर परवा मी डावा आर्म काढला.

धुतला नाही. कोरड्या फडक्याने वरची माती तेवढी पुसली. दिवा तिरका धरला, भिंग घेतलं. आठवतं, दोन वर्षांपूर्वी आपण दोन्ही आर्मना मजबुतीसाठी एकेक पोलादी पट्टी वेल्ड करून घेतली होती. पट्टीची कल्पना तुझी, जाडी माझी. चीर त्या पट्टीच्या काठाला लागूनच होती. बोटाच्या एका पेराएवढी. पट्टीने मधला भाग ताठ केला, आणि सगळा वाक पट्टी संपते त्या रेषेवर येऊन पडला. कागदावर हे सोपं आहे. काढलेल्या आर्मवर बघितल्यावर जास्तच सोपं वाटलं.

मी आर्म व्हाइसच्या जबड्यात आवळून धरला आणि चीर थोडी फाकवली. आत तपकिरी होतं. गंज. म्हणजे ही चीर अपघातात पडलेली नाही, आधीपासून वाढत होती. मग मी तुझे ते लखलखीत दोन तुकडे शेजारी ठेवले. उजवा आर्म नेमका तिथेच तुटला होता. पट्टीच्या काठाला, त्याच अंगाने.

आता तू म्हणशील, झालं ना? जिंकलो.

थांब. एक गोष्ट उलटी जाते. त्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त. उजव्या वळणात भार डाव्या चाकावर येतो. तर मग आधी डावा आर्म तुटायला हवा होता, उजवा का तुटला? त्यावर मी दुपारभर अडलो होतो. मग तुझा कर्ब आठवला. प्रत्येक उजव्या वळणाला आतल्या कडेच्या त्या रंगीत उंचवट्यावर तू उजवं चाक चढवायचास. मी किती वेळा म्हटलं, चढवू नकोस. तू म्हणायचास, "भावोजी, तो चढायलाच बांधलाय. सरकारी रस्त्यावरचा नाही, आपल्यासाठी बांधलाय." भार डाव्यावर, पण धक्के उजव्याला. हे पटण्यासारखं आहे. सिद्ध झालेलं नाही. सिद्ध होण्याची जागा तू तारेच्या ब्रशने घासली आहेस.

आणि हेही खरं, की हे लोखंड फक्त गाडीबद्दल सांगतं. चाक आधी तुटलं असेल, तरी तू खडीत तसा बसून का राहिलास याचं उत्तर त्यात नाही. राग असेल. धक्का असेल. तू तेव्हा जे सांगितलंस तेच असेल. तू आधी बेल्ट म्हणालास आणि मग राग, एवढ्यावरून मी तुला खोटा ठरवत नाही. तू आयुष्यात कुठल्याच प्रश्नाला पहिलं उत्तर विचार करून दिलेलं नाहीस. माझ्या कामात अशी माणसं त्रासाची असतात. घरात ती लागतात. तू यायचास त्या दिवशी आमच्या घरात आवाज व्हायचा, आणि मी कुरकुर करत का होईना, तुझ्यासाठी जास्तीची खुर्ची आधीच ओढून ठेवायचो.

बत्राचा फोन आला होता. "गाड़ी पूरी करो, चलाने वाला मिल जाएगा। वो होता तो अब तक मुझे दो गालियाँ दे चुका होता।" मी त्याला चिरेबद्दल सांगितलं. म्हणाला, "मैं सबको बता दूँगा, ब्रेक लेट नहीं था।" मी म्हटलं, बहुतेक नव्हता, एवढंच सांग. तो म्हणाला, तुम भी ना. गाडी मी पूर्ण करणार आहे. दोन्ही आर्म नवे, पट्टी न लावता. आवळायला दुसरं कुणीतरी शोधावं लागेल.

काल वंदना शेडवर आली. तिला तो ऑइलचा वास सोसत नाही, म्हणून इतक्या वर्षांत ती दारापर्यंतच यायची, डबा द्यायची आणि जायची. काल आत आली. स्टूलवर वर्तमानपत्र होतं ते उचलून बाजूला ठेवलं आणि बसली.

"सापडलं काही?"

मी डावा आर्म तिच्यासमोर ठेवला. चीर दिसत नाही पटकन. मी म्हटलं, नख फिरव. तिने करंगळीचं नख पट्टीच्या काठावरून हळूच नेलं. एका जागी ते अडकलं. तिने मागे नेलं, पुन्हा पुढे नेलं. पुन्हा अडकलं.

"इथे?"

"तिथेच. हा डावा. उजवाही असाच होता, असं मला वाटतं. जुनी चीर. ब्रेक दाबल्यावर पूर्ण सुटली."

"म्हणजे आधी गाडी."

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे किती?"

ती असं कधी विचारत नाही. आकडे हा माझा रोग आहे, असं तीच लोकांना सांगते. मी विचार केला. कर्बचं धरलं, धुतलेल्या तुकड्यांचं वजा केलं, तू बसून राहिलास ते वजा केलं.

"दहात नऊ."

"आणि एक?"

"एक मला माहीत नाही."

नख अजून तिथेच. मग अगदी हळू म्हणाली, "दहा म्हण ना."

हेमंत, मला म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं. तीस दिवसही झाले नाहीत, समोर तुझी बहीण बसलेली, आणि प्रश्न एका आकड्याचा. दुसरा कुणीही म्हणाला असता. पण मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की जे दिसत नाही त्याच्यावर मी सही करत नाही, आणि तिच्याशी पहिल्यांदा खोटं बोलायचं तर ते तुझ्या नावावर बोलायचं, हे मला जमेना.

"नाही म्हणता येत, वंदना."

मला वाटलं ती रडेल, किंवा उठून जाईल. ती तशीच बसली. बाहेर टेम्पो लावताना कुणीतरी ओरडत होतं, "पीछे, पीछे, बस!"

"तो असता तर दहा म्हणाला असता," ती म्हणाली.

"हो. न बघता."

"आणि माझा विश्वास बसला नसता."

मग ती उठली. आर्म दोन्ही हातांनी उचलला. तिला वाटलं होतं त्याहून तो जड निघाला, कारण ती एकदा थांबली आणि पकड बदलली. तसाच छातीशी धरून बाहेर नेला आणि आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला, साडीला काळं लागलं तरी. घरी नेते, म्हणाली. कशासाठी ते मी विचारलं नाही. घरी पोचेपर्यंत प्रत्येक स्पीडब्रेकरवर मी गाडी जवळजवळ थांबवत होतो, आणि ती दर वेळी मागे वळून तो सरकला नाही ना ते बघत होती.